तीन लाल बावटे, एक अर्ज

गोदाकाठ (धागालेखिका)

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीतील कंत्राटी कामगारांमध्ये आणि शहरालगतच्या गावांतील आशा सेविकांमध्ये मी बरीच वर्षे संघटनेचे काम करते आहे. मी कोणत्याही पक्षाची सदस्य नाही. आता दोन कम्युनिस्ट पक्षांतील सहकाऱ्यांनी, एकमेकांना न कळवता, सदस्यत्वाचा विषय माझ्याजवळ काढला आहे. तिसऱ्या, आकाराने लहान अशा मार्क्सवादी-लेनिनवादी गटातील एक मित्र या दोन्ही पक्षांना ‘दुरुस्तीवादी’, म्हणजे क्रांतीची वाट सोडलेले, ठरवून मोकळा झाला आहे, आणि मी यांपैकी कुठेही गेले तर आमचे बोलणे राहणार नाही, असे त्याने जवळजवळ सुचवले आहे.

तिघांचे कार्यक्रम मी वाचले आहेत. एकाला राष्ट्रीय लोकशाही क्रांती हवी आहे, दुसऱ्याला जनतेची लोकशाही क्रांती आणि तिसऱ्याला नवलोकशाही क्रांती. भारतातील भांडवलदारवर्गाचा कोणता भाग साम्राज्यवादविरोधी आहे, शेती अजून अर्धसरंजामी आहे की भांडवली झाली आहे, यांवर हे सगळे अवलंबून आहे, इतके मला समजते. मात्र 2023 च्या डिसेंबरात अंगणवाडी सेविकांचा राज्यव्यापी संप सुरू झाला तेव्हा वेगवेगळ्या झेंड्यांच्या संघटना कृती समितीत एकत्र होत्या, आणि आमच्याकडच्या मंडपात या तिन्ही प्रवाहांची माणसे एकाच सतरंजीवर बसलेली मी पाहिली. सायंकाळी मात्र प्रत्येकाची स्वतंत्र बैठक होई आणि तिच्यात मागण्यांपेक्षा इतर दोघांविषयी अधिक बोलले जाई.

ज्यांनी अशा गटांमध्ये आयुष्याचा काही भाग घालवला आहे त्यांना माझा प्रश्न असा आहे की आपण कोणत्या आधारावर निवड केली आणि तिची किंमत काय पडली? ‘सगळे सारखेच’ किंवा ‘डावे संपले’ अशी उत्तरे इतर धाग्यांवर भरपूर आहेत. ती इथे नकोत, ही विनंती.

परळचा_जुना

ताई, कार्यक्रमाला आपण जरा हलक्यात घेत आहात. 1964 ची फूट, म्हणजे कम्युनिस्ट पक्षाचे भाकप आणि माकप असे दोन तुकडे, व्यक्तींच्या भांडणातून झाली, पक्षनेते डांगे यांनी इंग्रज सरकारला लिहिल्याचा आरोप झालेल्या पत्रांमुळे झाली, चीनमुळे झाली, असे सांगणारे पुष्कळ भेटतील. त्यात तथ्यही आहे. परंतु कागदावरच्या ‘राष्ट्रीय भांडवलदार’ या संकल्पनेने पुढे प्रत्यक्षात काय केले, ते आणीबाणीने दाखवले. काँग्रेसमधील पुरोगामी भांडवली शक्तींशी आघाडी करून पुढे जाता येते, असे ज्या पक्षाच्या विश्लेषणात बसत होते, त्या भाकपने 1975 मध्ये आणीबाणीला पाठिंबा दिला आणि 1978 च्या भटिंडा अधिवेशनात ती भूमिका चुकीची ठरवली. ज्या पक्षाच्या विश्लेषणात हे बसत नव्हते त्या माकपचे कार्यकर्ते या काळात तुरुंगात गेले. म्हणजे व्याख्येतला फरक शेवटी माणसे तुरुंगात जातात की सत्तेच्या बाजूने उभी राहतात इथपर्यंत पोहोचतो.

फुटीची किंमत किती, हेही याच गिरणगावाने पाहिले. 5 जून 1970 रोजी कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला. त्यांच्या जागी झालेल्या पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई उभ्या राहिल्या, अनेक विरोधी पक्षांनी त्यांना पाठिंबा दिला, तरीही वामनराव महाडिक निवडून आले आणि शिवसेनेला पहिला आमदार मिळाला. फक्त फुटीमुळे हे झाले, असे मी म्हणणार नाही. तथापि सहा वर्षांपूर्वीपर्यंत एकाच कचेरीत बसणारे लोक त्या वेळी एकमेकांच्या चाळीत पत्रके वाटताना बिचकत होते, असे आमच्या घरातली मोठी माणसे सांगत.

तिरकस

परळकरांशी मी अर्धा सहमत आहे. कार्यक्रमातला शब्द माणसाला तुरुंगापर्यंत नेतो हे खरे. परंतु तो शब्द नेहमी इथल्या परिस्थितीच्या अभ्यासातून येतो, हे खरे नाही. जून 1941 मध्ये हिटलरने सोव्हिएत संघावर हल्ला केला आणि कालपर्यंतचे साम्राज्यवादी युद्ध काही महिन्यांत ‘लोकयुद्ध’ झाले. ऑगस्ट 1942 मध्ये गावोगावचे तरुण तारा तोडत असताना कम्युनिस्ट पक्ष ‘छोडो भारत’ आंदोलनापासून दूर राहिला. धागालेखिकेला पडलेला प्रश्न महाराष्ट्रात बहुधा त्याच वेळी पहिल्यांदा इतक्या तीव्रतेने उभा राहिला. एस. के. लिमये, यशवंत चव्हाण, दत्ता देशमुख यांच्या पिढीने तेव्हा वेगळी वाट धरली. नवजीवन संघटना, मग काही काळ शेतकरी कामगार पक्ष, मग कामगार किसान पक्ष, आणि 1965 पासून लाल निशाण पक्ष. एकाच मंडळींनी वीसेक वर्षांत एवढी बिऱ्हाडे केली, आणि 1980 चे दशक संपताना त्यांच्यातही फूट पडून ‘लेनिनवादी’ हा शब्द कंसात आला. आपल्याकडच्या डाव्या पक्षांचा इतिहास कंसांवरून लिहिता येईल. प्रत्येक कंसात कोणाचे तरी तारुण्य बंद आहे.

तरीही याच लोकांनी साखर कामगार, शेतमजूर आणि नगरपालिकांचे कामगार टिकाऊपणे संघटित केले. मोठ्या पक्षाबाहेर राहून काम होत नाही, असे कोणी सांगितल्यास त्यांना लाल निशाणचे श्रीरामपूर दाखवावे.

खानदेशी

मी धुळे-नंदुरबार भागातला आहे. इथे हा प्रश्न एका तालुक्यात आणि एका पिढीत इतक्या ठळकपणे घडून गेला आहे की त्याविषयी सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते.

शहादा तालुक्यात भिल्लांच्या जमिनी सावकारी आणि लबाडीच्या व्यवहारांतून गुजर-पाटील जमीनदारांकडे गेल्या होत्या. मूळ मालक त्याच जमिनीवर सालदार म्हणून राबत होते. जमीनदारांनी पीक संरक्षण संस्था काढल्या होत्या आणि त्यांच्या रखवालदारांची दहशत होती. मे 1971 मध्ये पाटीलवाडीला गोळीबार झाला. अंबरसिंग सुरतवंती हे सर्वोदयी परंपरेत घडलेले भिल्ल कार्यकर्ते तिथे आधीपासून काम करत होते. पुण्या-मुंबईच्या ‘मागोवा’ गटातील शिकलेले मार्क्सवादी तरुण त्यांच्या सोबतीला आले आणि 1972 मध्ये श्रमिक संघटना उभी राहिली. सर्वोदयी आणि मार्क्सवादी यांनी आपापले पोथीतले वाद बाजूला ठेवून मजुरी, सालदारांचे हक्क आणि जमीनवापसी या मागण्यांवर एकत्र काम केले. दारूचे गुत्ते फोडण्यासाठी बायका गावागावांतून बाहेर पडल्या. हे कोणत्याच गटाच्या कार्यक्रमपत्रिकेत नव्हते. आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा 1974 चा राज्याचा कायदा अशा लढ्यांच्या पार्श्वभूमीवर आला.

पुढे काय झाले, ते धागालेखिकेच्या उपयोगाचे आहे. अंबरसिंग 1974 मध्ये वारले. ‘मागोवा’ विस्कळीत झाला. आणीबाणीनंतर श्रमिक संघटनेतल्या प्रत्येकापुढे हाच प्रश्न उभा राहिला की तालुक्यापुरती संघटना किती दिवस टिकणार? कुमार शिराळकर, जयसिंग माळी यांच्यासारखे काही जण माकपमध्ये गेले. वाहरू सोनवणे यांच्यासारखे काही जण पक्षात न जाता श्रमिक मुक्ती दलाच्या बाजूला राहिले. एकाच मंडपातून, एकाच मारहाणीतून गेलेली ही माणसे होती आणि दोघांचीही निष्ठा वादातीत होती. शिराळकर अभियंत्याची वाट सोडून सातपुड्यात आले आणि 2022 मध्ये वारले तोपर्यंत शेतमजुरांचेच काम करत होते. वाहरू सोनवणे यांनी व्यासपीठावर बसून आमचेच दुःख आम्हाला समजावून सांगणाऱ्यांविषयी जी कविता लिहिली, ती प्रत्येक पक्षाच्या अभ्यासवर्गात वाचून दाखवली पाहिजे. शक्यतो व्यासपीठावर कोणी नसताना.

याच भागातले तिसरे उदाहरण शरद पाटील यांचे आहे. 1964 मध्ये ते माकपबरोबर गेले, आदिवासींचे आणि शेतमजुरांचे लढे त्यांनी चालवले, आणि जातीचा प्रश्न वर्गाच्या प्रश्नात आपोआप विरघळत नाही, हे ते पक्षात मांडत राहिले. ते मान्य होत नाही असे दिसल्यावर 1978 मध्ये त्यांनी सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष स्थापन केला. मार्क्स, फुले आणि आंबेडकर यांना एकत्र घेणारी त्यांची मांडणी ‘माफुआ’ या नावाने ओळखली जाते. पाणिनी मुळातून वाचता यावा म्हणून हा माणूस प्रौढ वयात संस्कृत शिकला. महाराष्ट्रात त्या काळी मार्क्सवादात इतकी मूलभूत भर दुसऱ्या कोणी घातली असेल असे मला वाटत नाही. पण पक्ष म्हणून सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष मुख्यतः आमच्या भागापुरता राहिला. त्यांनी पक्षात विचारलेला प्रश्न आज सगळे डावे पक्ष आपल्या ठरावांत लिहितात. तो विचारला म्हणून त्यांना घर सोडावे लागले, याची नोंद मात्र त्या ठरावांत सापडत नाही.

अर्धविराम

खानदेशी साहेबांची माहिती मोलाची आहे, पण त्यातून ‘प्रश्न विचारायचा तर बाहेर पडावे लागते’ असा अर्थ निघू नये म्हणून कॉ. आर. बी. मोरे यांची आठवण करून द्यावीशी वाटते. महाडच्या 1927 च्या परिषदेचे एक प्रमुख संघटक तेच होते. 1930 मध्ये ते कम्युनिस्ट पक्षात गेले, आणि तरीही डॉ. आंबेडकरांविषयीचा आदर त्यांनी कधी लपवला नाही. पक्षातले लोक त्यांना आंबेडकरवादी समजत आणि वस्तीतले लोक कम्युनिस्ट. आपल्या धागालेखिकेच्या पेचापेक्षा हा पेच कितीतरी अवघड होता. 1953 मध्ये त्यांनी अस्पृश्यता आणि जातिव्यवस्था यांच्याविषयी पक्षनेतृत्वाला लेखी टिपण दिले. पुढेही ते याच विषयावर लिहीत राहिले. 1964 मध्ये ते माकपबरोबर गेले, 1965 मध्ये ‘जीवनमार्ग’ साप्ताहिक त्यांनी सुरू केले, आणि 1972 मध्ये मृत्यू येईपर्यंत ते पक्षातच राहिले.

त्यांच्या टिपणाचा पक्षावर तत्काळ परिणाम झाला, असा दावा मी करणार नाही. झाला असता तर शरद पाटलांना पंचवीस वर्षांनी वेगळा पक्ष काढावा लागला नसता. तरीही पक्षाचे दफ्तर उघडणाऱ्या पुढच्या पिढीला आपल्याच माणसाने लिहिलेला तो कागद सापडतो. बाहेर पडलेल्या माणसाचे लिखाण दफ्तरात ‘विरोधकांचे साहित्य’ या कप्प्यात जाते.

येरळा

वरच्या सगळ्या चर्चेत ‘राजकीय घर’ म्हणजे पक्ष, असे गृहीत धरलेले दिसते. मी सांगली जिल्ह्यातल्या दुष्काळी पट्ट्यातला आहे. आमच्याकडे 1980 च्या दशकात मुक्ती संघर्ष चळवळीने येरळा नदीवर लोकांच्या श्रमातून आणि पैशातून बळीराजा स्मृती धरण बांधले. नदीतली वाळू ठेकेदार उपसून नेत होते; तिचा काही भाग विकून धरणासाठी पैसे उभे करण्याचा हक्क गावांनी मागितला आणि भांडून मिळवला. पाणी जमिनीच्या प्रमाणात न वाटता घरटी समान वाटावे, भूमिहीनालाही त्यात वाटा असावा, हे तत्त्व तिथे मांडले गेले. पुढे आटपाडीसह इतर तालुक्यांतील पाणी-लढ्यांत तेच पुढे नेले गेले. भारत पाटणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 मध्ये काढलेल्या श्रमिक मुक्ती दलाचा या सगळ्याशी जवळचा संबंध होता. पाण्याच्या समान वाटपाची ही कल्पना कोणत्याही मोठ्या कम्युनिस्ट पक्षाच्या राज्य समितीकडून आमच्यापर्यंत आली नाही.

ही वाट स्वस्त आहे, असे मात्र कोणी समजू नये. निवडणूक आली की प्रत्येक वेळी नव्याने ठरवावे लागते की कोणाला पाठिंबा द्यायचा, आणि ज्याला द्यावा तो नंतर ओळख दाखवत नाही. आणि वयाची साठी आली की लक्षात येते, पक्षाकडे निदान कचेरी असते. आमच्याकडे सगळे कागद कार्यकर्त्यांच्या माळ्यावर आहेत.

परळचा_जुना

येरळा, धरणाविषयी आदरच आहे. पण 2018 च्या मार्चमध्ये नाशिकहून मुंबईला चालत आलेला, माकपशी जोडलेल्या किसान सभेचा मोर्चा आठवा. सुरगाणा, कळवण, दिंडोरीचे आदिवासी वनजमिनीच्या हक्कासाठी सहा दिवस चालले, आणि दहावीच्या परीक्षेला जाणाऱ्या मुलांची अडचण होऊ नये म्हणून शेवटच्या रात्री न झोपता आझाद मैदानावर पोहोचले. इतकी शिस्त आणि इतकी माणसे गावोगाव दशकानुदशके शाखा चालवल्याशिवाय उभी राहत नाहीत. तुमच्या तालुक्यातल्या धरणाच्या मागे राज्यभर उभे राहील असे काय होते?

येरळा

राज्यभर उभे राहणाऱ्या याच पक्षाने 2007 मध्ये पश्चिम बंगालमध्ये सत्तेवर असताना नंदीग्रामला काय केले, हेही मग आठवावे लागेल. 14 मार्चच्या पोलीस गोळीबारात 14 माणसे मेली, आणि ती ज्यांच्यासाठी पक्ष काढला त्याच वर्गातली होती.

परळचा_जुना

ते मी नाकारत नाही. त्या दिवसानंतर कित्येक आठवडे मी शाखेत गेलो नाही. नंतर गेलो.

वैनगंगा

धागालेखिकेच्या तिसऱ्या मित्राविषयी कोणीच बोलले नाही, म्हणून लिहिते. ‘मार्क्सवादी-लेनिनवादी’ या एका नावाखाली परस्परांहून फार वेगळ्या गोष्टी येतात, हे प्रथम समजून घ्यावे. 1969 मध्ये स्थापन झालेल्या भाकप (मार्क्सवादी-लेनिनवादी) या पक्षाच्या असंख्य तुकड्यांपैकी ‘लिबरेशन’ने 1980 च्या दशकात इंडियन पीपल्स फ्रंटमार्फत निवडणुका लढवल्या आणि 1992 मध्ये तो पक्ष उघडपणे काम करू लागला, बिहारमध्ये त्यांचे आमदार-खासदार आहेत. दुसऱ्या टोकाला 2004 मध्ये दोन सशस्त्र गट एक होऊन बनलेला माओवादी पक्ष आहे. मित्र यांपैकी कुठे उभा आहे, हे त्याला स्पष्ट विचारा. त्याचे उत्तर संदिग्ध असेल, तर तेही उत्तरच समजा.

मी गडचिरोलीच्या बाजूची आहे. बंदूक घेऊन आलेल्या क्रांतीत गावाला मत नसते, आणि बंदूक घेऊन आलेल्या सरकारातही नसते. दोघेही रात्री येऊन कालच्या पाहुण्याविषयी विचारतात. याच जिल्ह्यात मेंढा-लेखाच्या ग्रामसभेने ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ म्हणत सर्वांच्या सहमतीने निर्णय घेण्याची पद्धत बसवली, आणि 2009 मध्ये वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत तिचा क्रमांक लागला. त्या ग्रामसभेला मी डावे म्हणते. तिथले लोक स्वतःला तसे म्हणवतात की नाही, याची मला फारशी चिंता नाही.

आणखी एक गोष्ट. 2025 च्या जुलैमध्ये विधिमंडळाने जे जनसुरक्षा विधेयक संमत केले त्याचा रोख ‘कडव्या डाव्या विचारसरणीच्या’ संघटनांवर आहे. कोण दुरुस्तीवादी आणि कोण क्रांतिकारी हा फरक आपण अभ्यासवर्गात करतो. कारवाईचा कागद तयार करणारा अधिकारी तो करील, याची खात्री कोणी देऊ शकत नाही. म्हणून सदस्य व्हा किंवा होऊ नका, पण आपण कोणत्या संघटनेत, कोणत्या पदावर आणि कशासाठी आहोत हे लेखी आणि उघड असू द्या.

तिरकस

मी एके काळी एका पक्षाच्या विद्यार्थी आघाडीत होतो. नाव घेत नाही. परिषदेत मांडायची दुरुस्ती आम्ही काही जणांनी मिळून आधी एका खोलीत लिहिली, म्हणून आमच्यावर ‘गटबाजी’चा ठपका आला. एकट्याने लिहिली असती तर ‘व्यक्तिवाद’ झाला असता. लोकशाही केंद्रीकरणात, म्हणजे आत चर्चा आणि मग बहुमताचा निर्णय सर्वांवर बंधनकारक या पद्धतीत, दुरुस्ती नेमकी किती जणांनी लिहावी, हे मला अजून समजलेले नाही.

गोदाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. इतके सविस्तर कोणी लिहील अशी अपेक्षा नव्हती.

वाचता वाचता माझा मूळ प्रश्नच थोडा बदलला. कोणाचे विश्लेषण बरोबर, याचा निकाल लागल्यावर मी निवड करीन, असे मी धरून चालले होते. पण 1942 मध्ये, 1975 मध्ये, 2007 मध्ये प्रत्येक प्रवाह कधी ना कधी मोठ्या प्रश्नावर चुकलेला दिसतो, आणि त्या प्रत्येक वेळी आतल्या कोणीतरी ते आधी सांगितले होते. तेव्हा मी असे पाहू लागले आहे की चर्चेत हरलेल्या माणसाचे तिथे पुढे काय होते? त्याचे टिपण कुठे जाते? त्याला पुढच्या बैठकीचे बोलावणे येते का? मोरे राहू शकले आणि शरद पाटील राहू शकले नाहीत, यात स्वभावाचा भाग किती आणि पक्षाचा किती, हे मला इथे बसून ठरवता येणार नाही; पण मी ज्या जिल्हा समितीखाली काम करणार आहे तिच्याविषयी हे विचारता येईल.

परळकर काका, आणीबाणीचे आपले उदाहरण मला पटले, म्हणून कार्यक्रमाला मी आता हलक्यात घेत नाही. येरळा, आपली वाट मला आकर्षक वाटते, पण आमच्या कंत्राटी कामगाराचा मालक पुण्याचा, ठेकेदार नाशिकचा आणि कामगार बहुधा बिहारचा असतो. तालुक्याच्या आकाराची संघटना त्याला पुरत नाही. तिसऱ्या मित्राला वैनगंगाताईंनी सुचवलेला प्रश्न मी विचारला. तो रागावला नाही, पण उत्तरही दिले नाही.

मी दोनपैकी एका पक्षाकडे अर्ज करायचे ठरवले आहे. कोणत्या, ते इथे लिहीत नाही, कारण मग हा धागा त्या पक्षाविषयीच होईल. अर्जासोबत मी एक टिपण देणार आहे. परप्रांतीय कंत्राटी कामगारांमध्ये काम करताना जात आणि प्रांत यांच्या नावाने मुकादमच त्यांना कसे विभागतो, आणि आमच्या संघटनेच्या कार्यकारिणीवर त्यांच्यापैकी एकही जण का नाही, असा त्याचा विषय आहे. शिफारस करणाऱ्या दोन्ही सदस्यांना मी ते आधी वाचायला दिले आहे. एकाने सही केली. दुसऱ्याने टिपण वेगळे आणि नंतर द्यावे, असे सुचवले आहे.

अर्धविराम

नंतर देऊ नका.

खानदेशी

सदस्यत्व मिळण्याआधीच आपण अट घालत आहात, असे ते म्हणतील. तसे ते म्हणाले तर रागावू नका. त्यांच्या बाजूने त्यात तथ्य आहे. उमेदवार सदस्याला निर्णयात मत नसते, त्यामुळे आपले टिपण उमेदवारीच्या काळात नुसते ‘माहितीसाठी’ म्हणून फिरेल. त्या काळात मंडपातले काम सोडू नका, आणि सायंकाळच्या बैठकीत इतर दोन झेंड्यांविषयी बोलणे सुरू झाले की मागण्यांचा कागद पुढे करा.

परळचा_जुना

ताई, टिपण शाखेच्या सचिवाच्या हातात देऊन घरी जाऊ नका. बैठकीत वाचून दाखवा, ते मिळाल्याची नोंद इतिवृत्तात करून घ्या, आणि जिल्हा समितीच्या कोणत्या बैठकीपुढे ते ठेवले जाणार, याची तारीख विचारा. तारीख मिळाली नाही तर पुढच्या बैठकीत पुन्हा विचारा. मी 1978 पासून हेच करत आलो आहे. काही वेळा तारीख मिळाली आहे.